दुसऱ्यांदा वर्दी चढवलेली माणसं : अनुभव धागा

कोकणातल्या बऱ्याच गावांत संगमरवरी पाटी दिसते. १९१४-१९ च्या महायुद्धात गावातून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, एवढंच तिच्यावर असतं. त्यातले काही जण केस पिकल्यावर दुसऱ्या महायुद्धातही गेले. पुढच्या लढायांतही असे लोक होते, रिझर्व्हमधून बोलावलेले, पेन्शनीतून परत भरती झालेले. तुमच्या घरात कोणी होतं का? पराक्रमच सांगा असं नाही. एकदा सगळं पाहून आल्यावर पुन्हा का गेले, ते लिहा.

पणती, सावंतवाडी
आमचे पणजोबा ११० मराठा पलटणीत, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात होते. कूतच्या वेढ्यात अडकले. शेवटी घोड्याचं मांस खायची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली आणि मग तुर्कांची कैद, रेल्वेच्या रुळांवर राबणं. बरोबरचे कितीतरी जण तापाने आणि उपासमारीने तिथेच गेले.

१९४१ ला पुन्हा बोलावणं आलं तेव्हा पंचेचाळिशी उलटलेली. वय झालेल्या जवानांच्या गॅरिसन बटालियनसाठी. आषाढ होता, बोटी बंद. पणजी आडवी आली तर म्हणाले, "बोलावल्यानी हा, जावक व्हया." आंबोलीचा घाट चढून बेळगाव गाठलं.

काम मिळालं भोपाळजवळ बैरागढला, इटालियन युद्धकैद्यांवर पहाऱ्याचं. ज्याने कैद भोगली त्याच्याच हाती किल्ली! आजोबा सांगायचे, पणजोबांच्या पाळीत कैद्याला पाणी मागावं लागत नसे. मागायच्या आधीच भरलेलं असे. बाकीचे पहारेकरी चिडायचे. मला हे कुठल्याही पदकाहून मोठं वाटतं.

मुलगी, गुहागर
वडील रिझर्व्हला होते. १९७१ ची तार आली तेव्हा भातकापणी चालू होती. उरलेली कापणी आईने माहेरची माणसं बोलावून उरकली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, रेडिओवर ऐकलं, पण वडील घरी आले ते शिमग्याला.

नातू, मंडणगड
आजोबा १११ महार पलटणीतले. आमच्या समाजाची भरती इंग्रजांनी बंद केली होती. त्याविरुद्ध महाडजवळच्या रावढळचे पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज लिहिला होता. पण दार उघडलं ते १९१७ ला, माणसं कमी पडली तेव्हा. लढाई संपली आणि १९२१ ला पलटण मोडून टाकली. पलटणीत मान होता. गावी परतल्यावर पुन्हा गावकीची कामं, पुन्हा पाणवठा वेगळा.

१ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. सैन्यात जा, असं बाबासाहेब तरुणांना सांगत होते. आजोबा काही तरुण नव्हते, तरी निघाले. नव्या पोरांना कवायत शिकवायला जुनी माणसं लागतच होती. आजी म्हणायची, "लढाईची हौस नव्हती त्यांना. पलटण मोडली ते मनाला लागलं होतं."

माजी हवालदार, देवगड
मी स्वतःचंच लिहितो. ७१ ला शिपाई होतो, वीस वर्षांचा. पेन्शनीत आल्यावर हापूसची कलमं लावली, पण कलम धरेपर्यंत घर कशावर चालवणार? म्हणून डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांवर पहारा देणाऱ्या माजी सैनिकांच्या दलात, भरती झालो. १९९९ ला कारगिल पेटलं तेव्हा एका दारूगोळा डेपोच्या गेटवर होतो. तोफेचे गोळे भरून ट्रक रात्रंदिवस बाहेर पडत होते. चालवणारी पोरं माझ्या मुलाच्या वयाची. नोंद करून गाडी सोडायची, की पुढची उभीच.

७१ ला मला भीती वाटली नव्हती, गोळी लागलेला माणूस तोवर पाहिलाच नव्हता. गेटवर, अगदी सुरक्षित जागी उभा असताना मात्र फार वाटायची. त्या पोरांपैकी कुणाचं नावही मला ठाऊक नाही. घरी हे कधी बोललो नाही.

धागाकर्ता
देवगडचे काका, लिहिलंत, आभार. मंडणगडकर, आजोबांचा सेवा क्रमांक सापडला तर इथे नुसतं सांगा. महार रेजिमेंटचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे, तिथे पत्र लिहून पाहू. सावंतवाडीच्या ताईंसाठी बेळगावला लिहायला लागेल, मराठा पलटणींचं केंद्र तिथेच आहे. मसुदा मी करून देतो.