शाळेतर्फे परदेशी जाणाऱ्या मुलांना हातखर्चाला किती द्यायचे, आणि ते ठरवायचं कोणी?

अनुजा_कोथरूड
लेक नववीत आहे. शाळेच्या जर्मन देवाणघेवाण कार्यक्रमात तिची निवड झालीय. एप्रिलअखेर बावीस मुलं आणि दोन बाई जाणार, श्टुटगार्टजवळच्या एका गावात दोन आठवडे तिथल्या विद्यार्थ्यांच्या घरी राहणार. राहणं-जेवण यजमानांकडे. प्रवास आणि संग्रहालयांची तिकिटं सहलीच्या पैशांत धरलेली आहेत. परवा शाळेचं पत्रक आलं: हातखर्चाला प्रत्येकी जास्तीत जास्त २०० युरो, त्यावर एक पैसा नाही.

झालं, पालकांच्या ग्रुपवर पेटलं. युरो शंभरी ओलांडून बसलाय, वीस हजारांच्या वर रक्कम पोरांच्या हातात कशाला, असं काहींचं म्हणणं. काहींचं, एवढ्या लांब पाठवायचं आणि हात आखडता घ्यायचा? एका गृहस्थांनी तर सरळ लिहिलं की आमच्या मुलाच्या खिशात शाळेने डोकावू नये.

मला मर्यादा पटते. पण निम्म्यांनी ती पाळली नाही, तर पाळणाऱ्यांच्याच मुलांची तोंडं बारीक होणार. तुम्ही काय केलंत किंवा काय कराल? आणि पैसे रोख द्यायचे, कार्डावर द्यायचे, की बाईंकडे?

टेकडीवाला
शाळेचा संबंधच काय? सहलीचे लाखो रुपये भरून घेताना कोणाची ऐपत किती, हे शाळेने विचारलं नव्हतं. तेव्हा समानता कुठे होती? ज्याला परवडलं त्याने भरले, ज्याला नाही त्याचं मूल घरी राहिलं. आता विमानात बसल्यावर एकदम सगळे सारखे!
माझ्या मुलाला मी ५०० देईन. तो उधळ्या नाही. आणि असलाच, तर ते मी बघेन.

शिट्टीवाल्या_बाई
मी अशा सहलींना मुलं घेऊन गेलेली आहे, म्हणून लिहिते. टेकडीवाला, तुमचा मुलगा उधळ्या नसेलही. प्रश्न त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मुलाचा असतो.

श्टुटगार्टपासून तासाभराच्या आत मेत्सिंगन नावाचं गाव आहे. ह्यूगो बॉस या कपड्यांच्या ब्रँडचं मूळ गाव. आता तिथे सगळ्या मोठ्या ब्रँडांची सवलतीची दुकानं एका जागी आहेत. पाहुण्या मुलांना शनिवारी तिथे फिरवून आणणं ही यजमानांची आवडती गोष्ट. ज्याच्याकडे पैसे असतात तो बूट, जॅकेट, बॅग घेत सुटतो. बाकीचे पहिला तासभर मजेत असतात, मग एकमेकांकडे उसने मागायला लागतात. परतल्यावर त्या उसन्यांवरून दोन आयांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. रक्कम सत्तर युरो. आणि दोघी माझ्याकडे न्याय मागायला!

टेकडीवाला
मग मेत्सिंगनला नेऊ नका. दुकान तुम्ही दाखवणार आणि पाकीट आमचं बांधणार, हा कुठला न्याय?

शिट्टीवाल्या_बाई
शनिवार-रविवार मुलं यजमानांकडे असतात, शाळेच्या ताब्यात नसतात. दुसऱ्याच्या घरी फोन करून ‘आमच्या मुलाला बाजारात नेऊ नका’ असं मी सांगू?

नेकारकाठचा
बरीच वर्षं श्टुटगार्टजवळ राहतोय. आमच्या मुलांच्या शाळेतही भारतातून मुलं येतात. खर्च नेमका कशावर होतो, ते सांगतो.

घरचं जेवण आणि सकाळी यजमानांनी दिलेला डबा सोडला, तर उरतं वरवरचं खाणं. आईस्क्रीमचा एक गोळा दीड-दोन युरो, डोनर कबाब सात-आठ. नळाचं पाणी बिनधास्त प्यावं, बाटली बरोबर ठेवावी. हॉटेलात मात्र पाणी फुकट मिळत नाही आणि न सांगता मागवलं तर बुडबुड्यांचं येतं. आपली मुलं पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करतात. बाटली-कॅन विकत घेतला तर बहुतेकदा २५ सेंट अनामत आकारतात, रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात घातली की ती परत मिळते. हमरस्त्यावरच्या थांब्यांवर स्वच्छतागृहाला बहुधा एक युरो. आपल्या मुलांना याचा पहिला धक्का बसतो.

रविवारी दुकानं बंद. ‘शेवटच्या दिवशी घेऊ’ म्हणणाऱ्यांचा शेवटचा दिवस रविवार निघाला, तर विमानतळावरच्या भावाने घ्यावं लागतं.

दोन आठवड्यांना १५० पुष्कळ झाले, २०० म्हणजे चैन. इथल्या १४ वर्षांच्या मुलांना महिन्याचा ठरलेला हातखर्च मिळतो आणि तो बेताचा असतो. वयानुसार किती द्यावा याचे शिफारस-तक्ते असतात, पालक ते खरंच बघतात. एवढंच काय, जर्मन दिवाणी कायद्यात ११० वं कलमच यासाठी आहे: आईबापांनी खर्चायला दिलेल्या पैशांतून अज्ञान (अठराच्या आतल्या) मुलाने रोख मोजून वस्तू घेतली, तर तो व्यवहार पक्का. यजमानांच्या मुलाने महिनोन्‌महिने साठवून जे बूट घेतले, ते पाहुण्याने एका दुपारी दोन जोड उचलले, की त्या घरात जेवणाच्या टेबलावर जी शांतता पसरते ती बघण्यासारखी असते.

टेकडीवाला
म्हणजे जर्मनांना बरं वाटावं म्हणून मी माझ्या मुलाला कमी द्यायचे? वा.

नेकारकाठचा
मुलगा त्यांच्याच घरात राहणार आहे हो. हॉटेलात उतरणार असता तर मी एक अक्षर लिहिलं नसतं.

व्याजदर
बँकेत आहे, त्यामुळे ‘किती’पेक्षा ‘कसे’वर लिहितो.

बाईंकडे सगळी रोकड देण्याची कल्पना आधी डोक्यातून काढा. परदेशी जाणाऱ्या माणसाला एका प्रवासासाठी नोटांच्या रूपात साधारण ३,००० डॉलरइतकंच परकीय चलन घेता येतं, बाकीचं कार्डावर. बावीस मुलांचे प्रत्येकी २०० म्हणजे ४,४०० युरो. एकट्या बाईंच्या नावावर ते बसतच नाहीत. आणि वाटेत चोरीला गेले तर भरणार कोण?

प्रत्येक मुलाच्या पासपोर्टवर, त्याच्या नावाने चलन घ्या. अर्जावर पालकाची सही चालते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅनच्या प्रती बरोबर ठेवा. विमानतळावरच्या काउंटरवर घेऊ नका, भाव टोचतो. शहरात दोन-तीन मनी चेंजरांकडे विचारून घ्या आणि ५, १०, २० च्या नोटा मागा. शंभराची नोट घेऊन पोरगं बेकरीत गेलं तर काउंटरवरची बाई त्याच्याकडे आणि नोटेकडे आळीपाळीने बघत बसेल.

प्रीपेड फॉरेक्स कार्ड काही बँका अज्ञान मुलाच्या नावे देतात, काही सरळ नाही म्हणतात. आधी विचारा. मिळालं तर युरोच भरा. डॉलर भरून युरोत खर्च केलात तर मध्ये आणखी एक कात्री लागते. यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ विचारलं तर युरोच, हे मुलीकडून घोकून घ्या. आणि कृपा करून स्वतःचं क्रेडिट कार्ड पिनसकट पोरांच्या हाती देऊ नका. काही झालं तर बँक सर्वात आधी हेच विचारेल की पिन दुसऱ्याला का सांगितलात.

नेकारकाठचा
एक भर. दारावर कार्डाचं चित्र दिसलं म्हणजे आपलं कार्ड चालेलच असं नाही. लहान दुकानांत अनेकदा फक्त जिरोकार्ड, म्हणजे इथल्या बँकांचं डेबिट कार्ड, घेतात. निम्म्याहून जास्त रोख हवीच.

तिसरी_पोळी
मी स्वतः अशा सहलीला गेलेली मुलगी आहे, आता कॉलेजात. मोठ्यांनी चर्चा छान चालवलीय, पण आमचे पैसे कशावर जातात ते कोणी लिहिलंच नाही. नातेवाईकांवर! निघायच्या आदल्या दिवशी आत्या, दोन्ही माम्या, सोसायटीतल्या काकू, सगळ्यांनी ‘काही आणू नकोस हं’ असं म्हणून पाकिटं दिली. पाकीट घेतलं की आणावं लागतं. निम्म्याहून जास्त पैसे चॉकलेटांत आणि चुंबकांत गेले. स्वतःसाठी एक छत्री घेतली, तीही पाऊस आला म्हणून.
मर्यादा घालायचीच तर भेटवस्तूंवर घाला.

शिट्टीवाल्या_बाई
+१. आणि ती चॉकलेटं पुण्यात सुपरमार्केटात मिळतात, हे काकूंनाही माहीत असतं.

सदाशिव_३०
मुळात फुकट द्यायचेच का? मुलांकडे ओवाळणीचे, वाढदिवसाचे साठलेले असतातच. निम्मे त्यातून काढायला लावा. स्वतःचे गेले की हात आपोआप आवरतो. आमच्या वेळी दापोलीच्या सहलीला पाच रुपये मिळायचे आणि त्यातले दोन परत आणावे लागायचे.

टेकडीवाला
हे मात्र पटलं. निम्मे स्वतःचे. मग मर्यादा पालकांच्या पैशांवर ठेवा, मुलाने साठवलेल्यावर नको. त्याचे त्याने हवे तिथे खर्चावेत.

शिट्टीवाल्या_बाई
ओवाळणी सगळ्या घरांत सारखी पडते का? तुमच्या मुलाचा साठा आणि वर्गातल्या रिक्षावाल्यांच्या मुलीचा साठा एक आहे का? ती मुलगी संस्थेच्या मदतीवर येतेय. शाळेने २०० ठरवताना तिच्या आईला विचारूनच ठरवले असतील, असं मला वाटतं. ५०० लिहिले असते तर ती मुलगी यादीतून स्वतःहून गळली असती, आणि कारण ‘तब्येत’ सांगितलं असतं.

टेकडीवाला
हे मला माहीत नव्हतं. तरी तत्त्व म्हणून माझा विरोध कायम. तिला शाळेने जास्त द्यावेत, माझ्या मुलाचे कमी का करता?

अनुजा_कोथरूड
सगळ्यांचे आभार. आमच्यापुरतं ठरवलं: एकूण २००. त्यातले १२० रोख, सुट्या नोटांत, बाकी कार्डावर. साठचा भार लेकीच्या ओवाळणीवर. तिने यावर अर्धा दिवस अबोला धरला, मग स्वतःच वही काढून यादी करायला बसली. नातेवाईकांना ग्रुपवर मीच लिहिलंय की पाकिटं देऊ नका, येताना सगळ्यांना मिळून एक डबा येईल. आत्याबाई नाराज आहेत.

शाळेला सुचवणार आहे की प्रत्येकाने चलन मुलाच्या नावाने घ्यावं आणि पावतीची प्रत जमा करावी. म्हणजे कोणी किती दिले ते निदान कागदावर तरी दिसेल.

टेकडीवाला
पावती मनी चेंजरची. माझा भाऊ फ्रँकफर्टला असतो. तो विमानतळावर येऊन पुतण्याच्या हातात देईल. त्याची पावती कोण मागणार?

शिट्टीवाल्या_बाई
कोणी नाही. फक्त मेत्सिंगनला तुमच्या मुलाकडून कोणी कोणी उसने घेतले, त्याची यादी परतल्यावर तुमची तुम्हीच सांभाळा. वसुलीला मी येणार नाही.