मदत हवी आहे : गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन ठरलं, पण प्रार्थनेला बसवत नाही (नागपूर)

नमस्कार मंडळी. वय ४७, इतवारीत कापडाच्या दुकानात सेल्समन आहे. बोललं की डावा गाल ओढतो, म्हणून घरचे झोपल्यावर मोबाईलवर टाइप करून राहिलो. चुका सांभाळून घ्या.

तीन आठवड्यांपूर्वी बायोप्सीचा रिपोर्ट आला. डाव्या गालाच्या आतून कॅन्सर आहे, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की तो खालच्या जबड्याला लागलाय. म्हणून गालासोबत जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढणार, मग रेडिएशन. ऑपरेशन येत्या शुक्रवारी, गुरुवारी भरती व्हायचंय.

कारण खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटलेला. २२ वर्षं, दिवसाला पाच-सहा पन्न्या (पुड्या). दुकानाच्या कोपऱ्यावरच पानठेला, शटर उघडायच्या आधी पहिला घोटून तयार असायचा. चार-पाच वर्षांपासून तोंड कमी उघडत होतं. गुपचूप (पाणीपुरी) अख्खं तोंडात जाईना, साधं वरणसुद्धा झोंबायचं. मुलगी मागे लागायची, बाबा, एकदा दाखवून या ना. मी गेलो नाही. मग गालात छाला आला. दोन महिने भरला नाही तेव्हा डेंटल कॉलेजला गेलो, आणि तिथून सगळं सुरू झालं.

आता जे कुणाजवळच बोललो नाही ते लिहितो. आमच्या वस्तीतल्या गुरुदेव सेवा मंडळात मी १५ वर्षं खंजिरी वाजवतो, तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतो. महाराजांनी व्यसनाबद्दल काय काय सांगून ठेवलंय ते विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. मी ते गावोगावी गायलो. लोकांनी माझ्या समोर पुड्या फेकल्या. आणि भजन संपलं की गाडीच्या मागे अंधारात जाऊन मी स्वतःची पन्नी उघडायचो. एकदा नाही, दर वेळी.

ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन आहे त्याच्या पाटीवरही महाराजांचंच नाव. दर खेपेला मान खाली घालून आत जातो. संध्याकाळी प्रार्थनेची वेळ झाली की घरून निघतो आणि तुकडोजी पुतळा चौकापर्यंत चालत जाऊन परत येतो. बायकोला वाटते मंडळात गेलो होतो. जाऊन बसवतच नाही. स्वतःच्या हातानं आणलेलं दुखणं, आता देवाजवळ कोणत्या तोंडानं मागू?

हे ऑपरेशन झालेलं कुणी इथं असेल तर सांगा, नंतर खाणं-बोलणं कसं राहते. भजन म्हणता येईल का, हे डॉक्टरांना विचारायची लाज वाटली. मुलगी बारावीला आहे, तिला फक्त 'छोटी गाठ' म्हटलंय. मंडळातल्या लोकांना सांगू की नको? आणि मोठे साळे रोज फोन करतात, की बायोप्सीची सुई लावली म्हणून आता पसरणार, ऑपरेशन करू नको, एका गावात जडीबुटीवाला आहे, २१ दिवसांत गाठ गळून पडते. मनातून मला ते पटत नाही. पण रात्री दोन वाजता पटायला लागते.

पेंशनर मानेवाडा

भाऊ, माझं हेच ऑपरेशन २०१९ मध्ये झालं, उजव्या बाजूचं. आज मी ६३ वर्षांचा आहे आणि सकाळी पोहे खाऊन हे लिहितो आहे.

खोटं सांगत नाही, पहिले दहा दिवस फार कठीण गेले. शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी, गळ्याला श्वासासाठी छिद्र. आवाज निघेना, तेव्हा वाटलं की कायमचा गेला. ते छिद्र काही दिवसांनी बंद केलं आणि आवाज परत आला. गालात छातीचं मांस फिरवून भरलं होतं. काहींना पायाचं हाड लावून जबडा करतात, तुमचं काय करणार ते आधीच विचारून ठेवा. नाकाच्या नळीनं मी तीन आठवडे जेवलो. चेहरा एका बाजूनं बसलाय. लहान नातू सुरुवातीला जवळ येत नव्हता, आता त्याच गालावर हात ठेवून झोपतो.

गाण्याचं नीट समजून घ्या. गाल आणि जबड्याच्या ऑपरेशनात स्वरयंत्र काढत नाहीत. सूर तुमच्याजवळच राहतो, बिघडतात ते उच्चार. माझे प, ब, म अजून पूर्ण येत नाहीत, कारण ओठ नीट मिटत नाही. स्पीच थेरपीचे व्यायाम कंटाळा न करता केले तर पुष्कळ सुधारते. लाजू नका, डॉक्टरांना सरळ सांगा की मी भजन म्हणतो. त्यांना ते माहीत असलेलं बरं.

आता मागण्याचं. मीही मंडळातलाच माणूस, म्हणून हक्कानं बोलतो. महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ ला मोझरीच्या आश्रमात देह ठेवला, ते कशानं गेले ठाऊक आहे ना? त्यांनाही कॅन्सरच होता. त्यांनी कोणता खर्रा खाल्ला होता? खर्र्यानं कॅन्सर होतो हे शंभर टक्के खरं, पण देवानं तुम्हाला पकडून शिक्षा केली हे तुमचं तुम्ही लावलेलं आहे.

आणि तोंडाचं म्हणाल तर, पुण्यतिथीला मोझरीला कधी उभे राहिला असाल. ४ वाजून ५८ मिनिटं झाली की एवढा मोठा समुदाय गप्प होतो. खंजिरी बंद, भजन बंद. ती मौन श्रद्धांजली महाराजांना पोचत नाही असं तुम्ही म्हणाल का? ऑपरेशननंतर त्या वर्षी मी तिथं गेलो होतो, तोंडाला फडकं बांधून. आजूबाजूचे सगळे माझ्यासारखेच बिनआवाजाचे होते. मी खूप रडलो त्या दिवशी. तुम्ही संध्याकाळी चौकात जाता ते पुरे झालं. मंडळात जा आणि मागच्या ओळीत नुसते बसा, म्हणू नका काही.

वऱ्हाडकर७२

साळे म्हणतात त्यातही तथ्य असू शकते. माझ्या ओळखीत एकाला पाल्यानं आराम पडला. एकदा दाखवून यायला काय हरकत आहे?

दातांची डॉक्टर

हरकत आहे, आणि मोठी आहे. मी दंतवैद्य आहे, रोज खर्र्याची तोंडं तपासते. २१ दिवस म्हणून गेलेले पेशंट तीन-चार महिन्यांनी परत येतात आणि तोवर जे ऑपरेशन होण्यासारखं असतं ते राहत नाही. हे मी इतक्यांदा पाहिलंय की कृपा करून या धाग्यावर तो सल्ला कुणी देऊ नका. बायोप्सीनं तोंडाचा कॅन्सर पसरत नाही. ती केल्याशिवाय कोणता कॅन्सर आहे तेच कळत नाही, मग उपचार कशावर करणार?

दादा, तुमच्यासाठी दोन गोष्टी. रेडिएशनच्या आधी दात तपासून घ्याच. जे खराब आहेत ते आधीच काढायचे असतात. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, सडू शकतं. ऑपरेशनच्या गडबडीत हे राहून जातं. आणि खर्रा बंद केलाय ना? 'तंबाखू सोडला, आता फक्त सुपारी' असं खूप जण करतात. नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २००४ मध्येच तिला त्या यादीत टाकलंय. तोंड न उघडण्याचा जो आजार तुम्हाला आधी झाला, तो मुख्यतः सुपारीमुळेच होतो. तलफ आवरत नसेल तर १८००-११२-३५६ या सरकारी क्विटलाइनवर फुकट बोलता येतं.

धागा उघडणारा

पेंशनर काका, तुमचं वाचून किती वेळ नुसता बसून होतो. ४ वाजून ५८. दोनदा उभा राहिलो आहे मी तिथं, आणि दोन्ही वेळा खिशात पन्नी होती. हे लिहायला हात थरथरला, पण लिहितो.

डॉक्टर ताई, रिपोर्ट आल्यापासून सुपारीलाही हात लावला नाही. रात्री जीव फार कासावीस होतो. दातांचं मला खरंच माहीत नव्हतं, उद्याच विचारतो. साळ्यांना तुमचं उत्तर जसंच्या तसं पाठवलं.

नंदनवनची ताई

दादा, मी पेशंटची बायको. यांचं दोन वर्षांपूर्वी झालं, म्हणून वहिनींच्या बाजूनं लिहिते.

वहिनींना खोटं सांगू नका. तुम्ही चौकात जाता हे त्यांना कळलेलं असेल, आम्हाला कळतं. आमचे हे पण गप्प राहायचे. मी स्वयंपाकघरात रडायची, ते गॅलरीत, आणि मधल्या खोलीत सासूबाई माळ घेऊन. तीन माणसं, तीन खोल्या. ऑपरेशनच्या आदल्या रात्री एकत्र बसलो तेव्हा कळलं की तिघंही एकच गोष्ट धरून बसलो होतो. ते दिवस फुकट गेले याचं मला आजही वाईट वाटतं.

मुलीला आजच सांगा. बारावीची पोरगी मोबाईलवर सगळं शोधून मोकळी झाली असेल. तिला काम द्या. आमच्या मुलानं फाइल सांभाळली, रिपोर्ट तारखेनुसार लावले, योजनेचे कागद त्यानंच केले. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं झालं का तुमचं? वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आहे आणि आता सगळ्या रेशनकार्डवाल्यांना खुली आहे. रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलात योजनेचा माणूस बसतो, त्या आरोग्यमित्राला भेटा. मंजुरी भरतीच्या आधी घ्या, मागाहून धावपळ होते.

नळीचं जेवण सोपं आहे, भिऊ नका. वरणाचं पाणी, नाचणीची पेज, दूध, फळांचा रस, सगळं मिक्सरमधून काढून दोनदा गाळायचं. एक कण राहिला तरी नळी तुंबते. दर वेळी आधी आणि नंतर साधं पाणी सोडायचं. किती आणि किती वेळानं ते आहारतज्ज्ञ लिहून देतात.

रेडिएशन यांचं ६ आठवडे चाललं, आठवड्यातून ५ दिवस, ३० वेळा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलून निघतं, चव जाते, माणूस चिडचिडा होतो. तेव्हा खरा आधार लागतो आणि नेमकी तेव्हाच नातेवाइकांची गर्दी ओसरलेली असते. तुमच्या मंडळाला त्या दिवसांसाठी सांगून ठेवा. मी दर गुरुवारी ताजबागला, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात जायची, अजून जाते. माझ्या आईला ते आवडायचं नाही, पण तिथं पायरीवर बसलं की मला श्वास यायचा.

इंदोरा

जय भीम दादा. आम्ही देवाजवळ मागत नाही, म्हणून मागण्याबद्दल मी काय सांगणार. तुमच्या अपराधाबद्दल मात्र एक लिहावंसं वाटलं.

मी दारू पीत होतो. दीक्षाभूमीवर उभा राहून पंचशील म्हणायचो, त्यातलं पाचवं शील नशेचंच आहे, आणि रात्री पुन्हा प्यायचो. वडिलांना मोठा आजार निघाला तेव्हा दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मला शील म्हणायची हिंमत होईना. आमच्या विहारातले भंतेजी भेटायला आले होते, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, शील एकदाच घ्यायचं असतं तर आपण ते रोज कशाला घेतो? माणसाकडून मोडतं, म्हणूनच रोज पुन्हा घ्यायचं. मी तिथंच म्हटलं, वडिलांनी मागून म्हटलं. वडील गेले. त्या दिवसानंतर मी प्यायलो नाही, सात वर्षं झाली.

तुम्ही प्रार्थना रोज म्हणता ती कशासाठी, याचा विचार करून पाहा. रात्री दोन वाजता साळ्यांचं पटायला लागलं तर १४४१६ लावा. टेली-मानस आहे, सरकारी, २४ तास, मराठीत बोलतात. वडिलांच्या वेळी हे नव्हतं, तेव्हा मी भिंतीशी बोलायचो.

धागा उघडणारा

सगळ्यांना उत्तर द्यायला चार दिवस लागले, माफ करा.

मुलीला सांगितलं. ताई, तुमचं खरं निघालं, तिला आधीच माहीत होतं. कचऱ्यातून लॅबची पावती तिनं उचलून ठेवली होती. रागावली माझ्यावर, खूप बोलली, मी ऐकून घेतलं. मग फाइल मागितली. योजनेची मंजुरी कालच आली, आरोग्यमित्राकडे तीच गेली होती. दात दाखवले, दाढा दोन खराब निघाल्या, त्या ऑपरेशनच्या वेळीच काढणार आहेत. भजनाचं डॉक्टरांना विचारलं. काका म्हणाले तेच ते म्हणाले, आणि स्पीच थेरपीची चिठ्ठी आताच लिहून दिली.

मंगळवारी मंडळात गेलो. मागे बसायचं ठरवलं होतं, पण नेहमीची जागा रिकामी ठेवलेली होती, तिथं बसवलं. प्रार्थना संपल्यावर उभा राहिलो आणि जेवढं तोंड उघडते तेवढ्यात सांगितलं, कॅन्सरचं आणि गाडीच्या मागच्या अंधाराचंही. कुणी काही बोललं नाही. मग आमच्या हार्मोनियमवाल्यानं खिशातून पन्नी काढली, माझ्या समोर ठेवली आणि खाली पाहत बसला. दुसऱ्यानं ठेवली. मला वाटत होतं की चोर मी एकटाच आहे. रेडिएशनच्या ३० दिवसांच्या पाळ्या त्यांनीच लावून घेतल्या, कोण कधी न्यायला येणार त्याचा कागद भिंतीवर लागलाय.

भीती गेलेली नाही. संध्याकाळी डोळे मिटून बसतो, मागत काही नाही. इंदोराचे दादा, रोज पुन्हा घ्यायचं हे तुमचं तेवढं मनात म्हणतो.

उद्या सकाळी ७ ला भरती. पिशवीत मुलीनं खंजिरी टाकली आहे, मी काढली नाही. नंदनवनच्या ताई, बायको विचारते आहे की गाळायला तुम्ही स्टीलची गाळणी वापरायच्या की मलमलचं फडकं, आणि एवढी बारीक गाळणी कुठं मिळाली?