रोमन ‘कॅम्प’ला मराठीत काय म्हणावे : छावणी, तळ की शिबिर?

प्रश्न : रोमन ब्रिटनवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. इंग्लंडमधल्या चेस्टरला रोमन फौजेच्या विसाव्या लीजनचा, म्हणजे पाचेक हजारांच्या मोठ्या तुकडीचा, कायमचा मुक्काम होता. आत दगडी तटबंदी, बराकी, कोठारे, स्नानगृह. त्याच शहराच्या आसपासच्या शेतांत मातीच्या बांधांचे, काही दिवसांपुरते आखलेले ‘कॅम्प’ हवाई छायाचित्रांत सापडले आहेत. दोन्हींना ‘छावणी’ म्हटले की एकाच वाक्यात घोटाळा होतो. ‘शिबिर’ चालेल का?

प्रतिसाद : शिबिर नको. संस्कृतात अर्थ बरोबर आहे, पण आज शिबिर म्हटले की रक्तदान नाहीतर योगासने. कायमच्या जागेला छावणी म्हणा, वाटेवरच्याला तळ. फौज पावसाळाभर एका जागी राहायची, तिला जुन्या कागदांत छावणीच म्हटले आहे. शिवाजी महाराजांचे चिपळूणकडच्या घोडदळाच्या अंमलदारांना लिहिलेले पत्र आठवा : दाणा-वैरण जपून वापरा, नाहीतर पावसाळा सरायच्या आत संपेल आणि तुम्ही रयतेला छळाल. रोमनांचे ‘कास्ट्रा हिबेर्ना’, म्हणजे हिवाळी मुक्काम, याच जातीचे. ऋतू वेगळा, चिंता चाऱ्याचीच.

प्रतिसाद : हे पटत नाही. तुम्हीच म्हणता की छावणी पावसाळ्यापुरती. चेस्टरला तर इसवी सनाच्या ७० च्या दशकापासून पुढे शतकानुशतके फौज होती. शिवाय दुष्काळातल्या चारा छावण्या रोज बातम्यांत असतात, त्याही तात्पुरत्याच. मी ‘लीजनचे ठाणे’ म्हणेन. ‘किल्ला’ मात्र टाळा. किल्ला म्हटला की वेढा आणि तटावरून लढाई डोळ्यांसमोर येते. रोमन लीजनची पद्धत बाहेर पडून मैदानात लढण्याची. तटाआड पाच हजारांच्या आसपास माणसांचा संसार असे.

प्रतिसाद : ठाणे मान्य. तळही मान्य, पण नुसते ‘तळ’ लिहून भागणार नाही. तो कशासाठी पडला होता ते सांगावे लागेल, खरी गंमत तिथेच आहे.

ठाण्याजवळचे बरेच तळ राहण्यासाठी नव्हतेच. शिपायांना खंदक खणायचा आणि त्याच मातीचा बांध घालायचा सराव हवा, म्हणून ते आखले. अशा सरावतळांत सरळ बाजू आखूड, गोलाकार कोपरे आणि दारे मात्र नीट केलेली, कारण हात तिथेच अडतो. दारासमोर एक सुटा आडवा बांध घालत किंवा बांधाचे टोक आत वळवत, म्हणजे शत्रूला सरळ घुसता येऊ नये. वेल्समध्ये लँड्रिंडॉडच्या माळावर असे छोटे चौकोन ओळीने आहेत, फक्त तिथले ठाणे लीजनचे नाही, साहाय्यक पलटणीचे.

दुसरा प्रकार कामकऱ्यांच्या तळाचा. स्कॉटलंडमध्ये इंचटुथिल येथे इसवी सन ८३ च्या सुमारास लीजनचे ठाणे उभे राहू लागले. बांधणारे शिपाई तोवर शेजारच्या तळांवर राहात. ८६-८७ च्या सुमारास बांधकाम पुरते व्हायच्या आतच फौज माघारी गेली. जाताना साडेसात लाखांहून जास्त लोखंडी खिळे पुरून ठेवले, शत्रूच्या हाती लोखंड लागू नये म्हणून.

तिसरा प्रकार कुचाच्या तळाचा. मोहिमेवर दिवसाची मजल संपली की खंदक-बांध घालून मगच झोपायचे.

शेतांत बुजलेले तळ हवेतून दिसतात ते मुख्यतः कोरड्या उन्हाळ्यात. बुजलेल्या खंदकातली माती ओल धरते, त्यामुळे तेवढ्याच पट्ट्यात पीक उंच आणि हिरवे राहते. लॅटिनने ठाणे काय, तळ काय, सगळ्याला ‘कास्ट्रा’ हा एकच शब्द ठेवला आणि फरक विशेषणांवर सोडला. इंग्रजीतल्या चेस्टर, लँकेस्टर या गावांच्या नावांत तोच शब्द बसला आहे. मराठीत मात्र आपल्याकडे शब्द आहेत, तर वापरूया.

प्रश्नकर्ती : मग वाक्य असे करते : ‘चेस्टरच्या ठाण्याभोवती लीजनच्या सरावतळांच्या खुणा आढळतात.’ आता एकच अडले आहे. तळावर आठ-आठ जण एका चामडी तंबूत राहात, त्याचे लॅटिन नाव ‘पापिलिओ’, म्हणजे फुलपाखरू. ‘तंबू’ फार मोठा वाटतो.

प्रतिसाद : राहुटी. शिपायांची, आटोपशीर, घडी करून जनावरावर लादायची. फुलपाखरू तळटीपेत जाऊ द्या.