मदत हवी आहे: दापोलीत कॉलेजसाठी खोली बघायची आहे (ओल, कपडे, मेस, वीज)

माळरान

नमस्कार. धाकट्या बहिणीला दापोलीच्या कृषी महाविद्यालयात प्रवेश मिळाला आहे. वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही, म्हणून तिघी मुली मिळून बाहेर खोली घेणार आहेत. येत्या शनिवारी खोल्या बघायला जायचं आहे आणि हातात एकच दिवस आहे.

आम्ही लातूरकडचे. आमच्याकडे खोली बघताना पहिला प्रश्न असतो, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं. कोकणात काय विचारायचं ते कळत नाही. ओल येणारी खोली ओळखायची कशी? कपडे वाळतात कुठे? मेस लावावी की खोलीवर स्वयंपाक करावा? वीज किती जाते, त्याची तयारी काय ठेवावी? जाणकारांनी नीट तपशिलात सांगावं ही विनंती.

चिरेबंदी

माळरान, शनिवारी पाऊस असेल तर उत्तमच. कोकणातली खोली भर पावसातच बघावी, मे महिन्यात बघितलेली खोली काहीच सांगत नाही.

घरमालकांना पहिला प्रश्न हा विचारा: गच्चीवर पत्र्याची शेड आहे का? दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे तुमच्याकडच्या चौपटीहून जास्त. एवढ्या पावसात उघडा स्लॅब चार-पाच वर्षांत पाझरायला लागतो. शेड असली की स्लॅब कोरडा राहतो आणि कपडे वाळत घालायला बारमाही जागा मिळते. शेड असलेल्या घरात वरचा मजला घ्या, नसेल तर मधला. तळमजला शक्यतो नकोच, आणि घराची मागची भिंत डोंगर कापून त्याला टेकवलेली असेल तर तळमजला अजिबात नको. त्या भिंतीतून दिवाळीपर्यंत पाणी झिरपत राहतं.

आता भिंत वाचायची कशी. ओलीचा डाग कुठे आहे त्यावरून कारण कळतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत डाग आणि त्यावर मिठासारखी पांढरी पूड, म्हणजे लोणा लागलेला आहे. ते पाणी घराच्या पायातून वर चढतंय, कितीही रंग मारला तरी दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात. डाग छताजवळ असेल तर स्लॅब गळतो. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून मिशीसारखे ओघळ असतील तर दोष खिडकीचा आहे, आणि तो तीनही दोषांत सगळ्यात सोपा. भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. बद्द, पोकळ आवाज आला तर गिलावा आतून सुटलेला आहे.

कपाट भिंतीला लावलेलं असेल तर मालकांना विचारून ते वीतभर पुढे ओढा आणि मागे मोबाईलचा प्रकाश टाका. खोलीचं खरं रूप तिथे दिसतं. ऐन जुलैत एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर त्याच भिंतीकडे जास्त लक्ष द्या.

दिशा महत्त्वाची. पाऊस नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून झोडपतो. त्या बाजूची भिंत नुसत्या चिऱ्याची (जांभ्या दगडाची), बिनगिलाव्याची असेल तर जांभा स्पंजसारखं पाणी पितो. त्या बाजूला खिडकी असेल तर तिच्यावर दोन फुटांचा तरी छज्जा हवा. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या असतील तर खालच्या खोबणीत बाहेरच्या अंगाला पाणी जायची बारीक भोकं असतात ती बघा. माती आणि मेलेल्या किड्यांनी ती बुजतात, मग खोबण भरते आणि पाणी आत पलंगावर येतं. केरसुणीची काडी घालून महिन्यातून एकदा साफ करायची, बास.

जागेचं म्हणाल तर केळस्कर नाका, बुरोंडी नाका या बाजूंना बाजार आणि स्टँड जवळ पडतं. जालगाव, गिम्हवणे गावाला लागूनच आहेत आणि तिथे घरं मोकळी, हवेशीर असतात. मात्र रात्री लायब्ररीतून परत यायच्या वाटेवर दिवे आहेत का, हे अंधार पडल्यावर स्वतः चालून बघा. तिघी मुली आहेत म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आणखी एक, पावसात कुणाला सुचत नाही असा प्रश्न: मे महिन्यात पाणी कुठून येतं? एवढा पाऊस पडूनही जांभ्याच्या कातळातून पाणी खाली निघून जातं आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. विहीर बारमाही आहे का, टँकर लागला तर पैसे कोण देणार, हे आत्ताच ठरवून घ्या.

पागोळी

कपड्यांबद्दल लिहिते. आधी कपडेच बदला. जीन्स जुलैत तीन दिवस वाळत नाही आणि चौथ्या दिवशी वास मारते. प्रत्येकीला एक जीन्स पुरे, बाकी पातळ ट्रॅकपँट, लेगिंग, टेरिकॉट. जाड टर्किश टॉवेलऐवजी पंचा. लॅबचा एप्रन मात्र दोन हवेतच.

कपड्याला कुबट वास येतो तो तासन् तास ओला राहिल्यामुळे. म्हणून पिळण्यात कसूर नको. हाताने पिळून झाल्यावर कोरड्या पंचात गुंडाळून पुन्हा एकदा पिळलं की वाळायचा वेळ निम्म्यावर येतो. तिघींत मिळून फक्त कपडे पिळणारं स्पिनर यंत्र घेतलंत तर ते पैसे एका पावसाळ्यात वसूल होतात. दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, शर्ट हँगरवर लावा, आणि पंखा वरून नको, बाजूने लागू द्या. खिडकी पूर्ण बंद करून कपडे वाळवायचे नाहीत. कपड्यातलं पाणी खोलीतच फिरतं आणि रात्रीत भिंतीवर, वह्यांवर बसतं. पंख्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी वीतभर उघडी हवी.

वास लागलाच तर बादलीभर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घालून अर्धा तास भिजवायचं, मग नेहमीसारखं धुवायचं. रंगीत सुती कपड्यांचा रंग जातो का ते आधी कोपऱ्यावर बघा. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना सोडा नको. किंचित दमट कपडा इस्त्रीने कोरडा करूनच कपाटात ठेवायचा. एक दमट कुर्ता पूर्ण कप्प्याला बुरशी लावतो.

मूळ प्रमाणपत्रं लॅमिनेट करू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नारिंगी रंगाचे दाणे घ्या, ओल शोषून हिरवे झाले की जाड तव्यावर मंद आचेवर तापवले की पुन्हा नारिंगी होतात. निळे दाणे असतात त्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवायचे नाहीत.

शेवरी

कपाटात साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवा. कपाट ठणठणीत कोरडं राहतं. कोकणात पुष्कळ घरांत करतात.

पागोळी

शेवरी, उपाय लागू पडतो हे खरं, पण भाड्याच्या खोलीत, प्लायवुडच्या कपाटात आणि मुली दिवसभर कॉलेजात असताना तो मी कुणाला सुचवणार नाही. साठ वॅटच्या बल्बला ओढणी टेकली तर ती जळते. त्यापेक्षा ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या मिळतात त्या ठेवा. कपाटाच्या तळाशीच ठेवायच्या, कपड्यांच्या वर कधीच नाही, कारण त्यात जमणारं पाणी सांडलं तर कपडा आणि लोखंड दोन्ही खराब होतं. डबी भरली की बदलायची. उघड्या खोलीत तिचा काही उपयोग नाही.

माळरान

दोघांचेही मनापासून आभार. चिरेबंदी, शेडचा प्रश्न आम्हाला सुचलाच नसता. बहीण म्हणते इंडक्शन शेगडी घेऊन जाते, भात-वरण खोलीवरच करू. चालेल का? आणि मेसबद्दल कुणी सांगाल का?

विजेरी

शेगडी घेण्याआधी सॉकेट बघा. साधं लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट. इंडक्शन २,००० वॅटवर चालवली की पावणेनऊ अँपिअर खेचते. लहान सॉकेटात ती लावली तर सॉकेट तापतं, प्लास्टिक पिवळं पडतं, मग जळतं. मोठ्या भोकांचं सोळा अँपिअरचं सॉकेट स्वयंपाकाच्या ओट्याजवळ हवं आणि त्याची वायर स्वतंत्र आली आहे का तेही विचारा. सोळाच्या पिनला सहाचं अॅडॉप्टर लावून काम भागवू नये.

दमट भिंतीत शॉक बसायची भीती खरी असते. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) आहे का बघा. त्यावर चाचणीचं बटण असतं, मालकांना सांगून ते दाबा. खटका पडला तर तो चालू आहे. ईएलसीबी नसेल तर बसवून मागा, ही मागणी अवाजवी नाही.

खोलीला मालकांचा वेगळा मीटर (सबमीटर) असेल तर ताबा घेताना रीडिंगचा फोटो काढा आणि युनिटचा दर करारात लिहून घ्या. इंडक्शन १,२०० वॅटवर रोज एक तास चालली तर महिन्याला ३६ युनिट होतात, त्यावरून हिशेब करता येईल.

वीज जाते ती बहुतेक वेळा झाडाची फांदी तारेवर पडल्यामुळे, आणि फांदी कुठे पडली ते शोधायलाच वेळ लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तालुक्यातल्या काही गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. ते टोकाचं झालं, पण एरवीही काही तास धरून चालायचं. मालकांचा इन्व्हर्टर तुमच्या खोलीपर्यंत आहे का आणि त्यावर पंखा आहे की फक्त दिवा, हे विचारा. १५० अँपिअर-तासाची चांगली बॅटरी एक पंखा, दोन ट्यूब आणि राऊटर एवढ्यावर दहा तासांच्या आसपास चालते. बॅटरी जुनी असेल तर निम्मंच धरा. वीस हजार एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात मोबाईल अडीच वेळा चार्ज होतो. आणि लांबलेल्या अंधारात मोबाईल टॉवरचीही बॅटरी संपते, म्हणून अभ्यासाचं जे लागेल ते आधीच उतरवून ठेवायचं.

केळफूल

वीज नाही तेव्हा इंडक्शन नाही, म्हणून पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा. तो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. पण मालकांची परवानगी आधी घ्या, आणि खिडकी असलेल्या जागीच ठेवा.

पहिलं सत्र मेस लावावी असं माझं मत आहे. नवं गाव, प्रॅक्टिकल, त्यात ओली चूल नको. दर विचारताना नुसता महिन्याचा आकडा विचारू नका. रविवारी रात्री मेस बंद असते का, न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा व्हायला खाडा किती दिवसांचा धरतात (बऱ्याच ठिकाणी सलग तीन दिवस आणि आदल्या दिवशी सांगितलं तरच), आणि डबा खोलीवर पोचवतात का, हे विचारा. एका जेवणाचा दर यावरून निघतो. भाताबद्दलही विचारा. मराठवाड्यातल्या मुलीला दोन्ही वेळा भात आणि दोनच चपात्या असं ताट पुरणार नाही, भाकरी मिळते का ते आधीच बघावं.

सगळ्यात महत्त्वाचं, गणपती. गौरी-गणपतीत मेसवाल्या काकू आपल्या गावी जातात, दुकानं अर्धी बंद आणि एसटी भरलेल्या. शिमग्यालाही तेच. ते दिवस घरी जायचं नसेल तर पोहे, सातूचं पीठ, कडधान्य भरून ठेवा. जायचं असेल तर तिकीट फार आधी काढा.

पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ येतं. तुरटी फिरवून गाळ बसवा, वरचं पाणी फडक्याने गाळा आणि खळखळून उकळवा. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत.

तिरफळ

शेतीची मुलगी आहे, भातखाचरात उतरणारच, म्हणून हे लिहितो. पायाला जखम, भेग असेल तर ती झाकून गमबूट घालूनच चिखलात जावं आणि परत आल्यावर साबणाने पाय धुवावेत. चिखलात उतरल्यापासून दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर मेडिकलमधून क्रोसिन आणून दिवस काढू नयेत. डॉक्टरांना "मी भाताच्या चिखलात उतरले होते" हे वाक्य आपणहून सांगावं, म्हणजे ते लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित चिखलातून होणाऱ्या तापाची) शक्यता धरून तपासतील. गावात उपजिल्हा रुग्णालय आहे.

बाहेर ठेवलेले बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत, आत विंचू बसतो. घोणस, मण्यार दोन्ही या भागात आहेत. रात्री अंगणात विजेरी घेऊनच जायचं. साप चावला तर १०८ ला फोन, चावलेला हात किंवा पाय हलवायचा नाही, त्याच्या वर करकचून बांधायचं नाही, जखमेवर चीर पाडायची नाही.

चिरेबंदी

कराराचं राहिलं. अकरा महिन्यांचा असला तरी भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. बाहेर राहणाऱ्यांना सरकारी निर्वाह भत्त्याच्या अर्जालाही तो लागतो. दापोली पर्यटनाचं गाव झालं आहे. डिसेंबरअखेर आणि मे महिन्यात काही जण खोली पर्यटकांना देण्यासाठी रिकामी करायला सांगतात. सुट्टीतही खोलीचा ताबा तुमचाच राहील, हे एक वाक्य करारात घालून घ्या.

सामान घेऊन येताना कोकण रेल्वेने खेड, तिथून रिक्षाने एसटी स्टँड आणि पुढे तासाभराचा घाट. पुण्याकडून गाडीने येणार असाल तर वरंध घाट चालू आहे का ते निघण्याआधी विचारा, दरडींमुळे पावसाळ्यात तो बऱ्याचदा बंद ठेवतात.

माळरान

सगळं वहीत उतरवून घेतलं. शेवटचा प्रश्न: गणपतीला मुली घरी येतील, खोली आठ-दहा दिवस बंद राहील. तेव्हा काय करायचं?

पागोळी

निघायच्या आदल्या दिवशी धुणं काढायचं नाही. गाद्या भिंतीपासून दूर, खुर्चीला टेकवून उभ्या करा, खाली हवा खेळली पाहिजे. कपाटाची दारं अर्धवट उघडी ठेवा. बादल्या पालथ्या घाला. चामड्याच्या चपला, पट्टे कोरड्या कागदात गुंडाळून सोबतच न्या. पीठ, मसाले घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शेगडीची पिन काढा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. पश्चिमेच्या खिडक्या घट्ट लावा, पण पूर्वेकडचा वरचा झरोका उघडा राहू द्या, त्याला जाळी असेल तर. आणि किल्लीचा एक जोड मालकीणबाईंकडे देऊन सांगा, पावसाने उघडीप दिली तर तासभर दार उघडून ठेवा. एवढं केलंत तर आल्यावर गादीवर पांढरा भुरा दिसणार नाही.