हाफ वेव्हचा आरएमएस 3.53 का येत नाही? आणि मीटर 3.86 कुठून आणतोय?

सर्किटवेडा:
हाफ वेव्ह रेक्टिफायरवर (डायोड लावून साइन वेव्हचा फक्त वरचा अर्धा भाग जाऊ देणारं सर्किट) अडकलोय. डायोडनंतर पीक 10 व्होल्ट येईल असं जनरेटर सेट केलंय, 50 हर्ट्झ, लोड 1 किलोओहम. अ‍ॅव्हरेज काढली 10 भागिले पाय म्हणजे 3.18, डीसी रेंजवर मीटरही तेच दाखवतो, तिथे वाद नाही. पण आरएमएस, म्हणजे रेझिस्टर तेवढाच तापवणारं डीसी व्होल्टेज? पूर्ण साइनचा 7.07, अर्धी वेव्ह उडाली म्हणून निम्मा, 3.53 व्हायला पाहिजे ना, अ‍ॅव्हरेज पण तशीच 6.37 ची (खालचे अर्धे भागही वर वळवले तर येते ती) 3.18 झाली की. पुस्तकात उत्तर 5 आहे. त्यात हा मीटर ट्रू आरएमएसवाला, म्हणजे वेव्हचा आकार कसाही असला तरी आरएमएस मोजणारा, असून एसी रेंजवर 3.86 दाखवतो. कोणाचं खरं धरू?

ओहमवाला:
पुस्तकाचं. निम्मं काय होतं ते बघ, व्होल्टेज नाही, पॉवर निम्मी होते. पूर्ण साइन लावली तर 1 किलोओहममध्ये 7.07 चा वर्ग भागिले 1000, म्हणजे 50 मिलीवॅट. आता रेझिस्टर अर्धा वेळ तापतो आणि अर्धा वेळ गप्प बसतो, म्हणजे 25 मिलीवॅट. तुझे 3.53 घातले तर येतात साडेबारा, म्हणजे पाव पॉवर, मग उरलेली गेली कुठे? आरएमएसमध्ये आधी वर्ग, मग त्याची सरासरी, मग वर्गमूळ, हा क्रम सोडायचा नाही. वर्गाची सरासरी 50 ची 25 झाली, मूळ 5. अ‍ॅव्हरेजमध्ये वर्गबिर्ग काही नसतं म्हणून ती सरळ निम्मी होते.

इंटिग्रेशनने करणार असशील तर लिमिट 0 ते पाय, पण भागायचं 2 पायने, कारण पिरियड पूर्ण धरायचा. निम्मे लोक इथेच पाय ने भागतात आणि परत 7.07 आणून बसतात.

लॅबमधला भूत:
मीटर खोटं बोलत नाहीये. बरेच ट्रू आरएमएस मीटर एसी रेंजवर आत कपॅसिटर लावून डीसी अडवतात आणि उरलेल्या भागाचाच आरएमएस देतात. तुझ्या वेव्हमध्ये 3.18 डीसी आहे. 25 मधून 3.18 चा वर्ग (10.13) वजा कर, 14.87, त्याचं मूळ 3.86. आलं ना? म्हणजे दोन्ही रेंजची रीडिंग घे, वर्ग करून बेरीज कर, मूळ काढ, 5 मिळेल. नुसती बेरीज करू नकोस हां, 7.04 येईल आणि उगाच 7.07 च्या जवळ म्हणून खूश होशील. काही मीटरवर एसी प्लस डीसी मोड असतो, तो थेट 5 दाखवतो.

सर्किटवेडा:
अरे वा, बसलं डोक्यात. मग साधा मीटर, ट्रू आरएमएस नसलेला, तो काय करतो?

लॅबमधला भूत:
तो रेक्टिफाय करून अ‍ॅव्हरेज मोजतो आणि समोर साइनच आहे असं गृहीत धरून 1.11 ने गुणतो. साइनला 0.707 भागिले 0.637 म्हणजे 1.11, त्यामुळे तिथे चालून जातं. स्क्वेअर वेव्हला अ‍ॅव्हरेज आणि आरएमएस दोन्ही पीकएवढेच, तरी हा गुणतोच, 10 चे 11.1 दाखवतो. ट्रँगलला उलट, खरा 5.77 आणि हा 5.55. डिमरने 90 अंशाला कापलेली, म्हणजे प्रत्येक अर्ध्या वेव्हचा पहिला निम्मा भाग उडवलेली, साइन दिलीस तर 5 च्या जागी 3.54, मग बस डोकं खाजवत.

ओहमवाला:
आणि अ‍ॅव्हरेजला कमी लेखू नका राव. याच वेव्हने बॅटरी चार्ज केली तर किती चार्ज आत गेला ते करंटच्या अ‍ॅव्हरेजवर ठरतं, वायर आणि फ्यूज किती तापतात ते आरएमएसवर. चार्जरचा फ्यूज नुसत्या अ‍ॅव्हरेजवर निवडला तर तो उडत राहणार, कारण रेझिस्टिव्ह लोडलाच हाफ वेव्हमध्ये आरएमएस अ‍ॅव्हरेजच्या 1.57 पट असतो, बॅटरीवर तर करंट फक्त पीकच्या आसपास वाहतो म्हणून आणखी वर जातो.