मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ आहेत, तरी वाक्यात आले की चुकतात

ट्रान्सहार्बर
नमस्कार मंडळी. इंग्रजी शब्दसंग्रह लवकरात लवकर वाढवायचा आहे, तोही वरच्या पातळीचा. रोजच्या वापरातले शब्द नकोत, ते येतात. शब्द आणि समोर अर्थ अशी वही केली आहे. ठाण्याहूनच गाडी सुटते म्हणून बसायला मिळतं, बेलापूर येईपर्यंत वही उघडीच असते. रात्री नवरा कुठूनही विचारतो, मी धडाधड सांगते. पण सराव पेपर सोडवायला घेतला की तेच शब्द समोर असतात आणि उत्तर चुकतं. हाताशी वेळ फार नाही. नेमका उपाय सांगा. 'वाचन वाढवा' एवढं कृपया सांगू नका, ते शाळेपासून ऐकते आहे.

नौपाडेकर
परीक्षा कुठली?

पेन्सिल
+१. परीक्षा कळल्याशिवाय काय सांगणार? कॅट, म्हणजे एमबीएची प्रवेश परीक्षा असेल तर वही मिटून ठेवा, तिथे अर्थ थेट विचारत नाहीत, सगळा भर उताऱ्यांवर असतो. स्टाफ सिलेक्शनची असेल तर उलट. समानार्थी, विरुद्धार्थी, शब्दसमूहाबद्दल एक शब्द हे सरळ येतं आणि पाठांतर उपयोगी पडतं.

खारघरचा_वारा
ताई, मी मराठी माध्यमातला. ऑफिसात मीटिंगमध्ये तोंड उघडायची भीती वाटायची. आरशासमोर उभं राहून रोज मोठ्याने बोलायला लागलो आणि फरक पडला. चुकलं तरी बोलत राहा. व्याकरणाकडे लक्ष देऊ नका. लोक हसले तर हसू द्या.

नौपाडेकर
त्यांनी बोलण्याबद्दल विचारलेलं नाही हो. सराव पेपर म्हणतायत.

मूळधातू
यादी पाठ करणं म्हणजे वेळ घालवणं. लॅटिन आणि ग्रीक धातू शिका. 'लोक्व' म्हणजे बोलणे. एवढं कळलं की एलोक्वंट, लोक्वेशस, सोलिलोक्वी, सर्कमलोक्यूशन सगळे एका फटक्यात. 'माल' म्हणजे वाईट: मॅलेव्हलंट, मॅलाइन, मॅलडी. आपल्याला तर संस्कृतमुळे धातूंची सवयच आहे. शे-दीडशे धातू केले की अनोळखी शब्दही फोडता येतो. मी हेच केलं, दुसरं काही लागलं नाही.

कार्डपेटी
धातूंनी अंदाज येतो, खात्री येत नाही. मॅलिएबलमध्येही 'माल' दिसतो, पण तो हातोडीवरून आलेला आहे. म्हणजे ठोकून आकार देता येईल असा, वाईटाशी संबंध शून्य. पेडेस्ट्रियनमधला 'पेड' पायाचा, पेडगॉगमधला मुलाचा. परीक्षेत असा अंदाज मारून अडकायचं का?
ट्रान्सहार्बर, तुम्ही अँकी घ्या, पुढे प्रश्न मागे उत्तर अशा कार्डांचं ॲप. अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. जे कार्ड येतं ते उशिरा परत दाखवतं, जे चुकतं ते लगेच. ॲप नको असेल तर चपलांचे खोके घ्या. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. १९७०च्या दशकात लाइटनर नावाच्या जर्मन माणसाने ही पद्धत लोकांपर्यंत पोचवली.

मूळधातू
अपवाद दाखवून नियम खोटा पडत नाही. आणि कार्डांनी फक्त लक्षात राहतं, समजत नाही. त्यांचं लक्षात राहतंच आहे, वर लिहिलंय ना.

कार्डपेटी
आज विचारलं तर आठवतं, तीन आठवड्यांनी आठवतं का, हे त्यांनी कुठे लिहिलंय?

सानपाडा_आई
माझी मुलगी सातवीत आहे, तिलाही शब्द पाठ होत नाहीत. तिच्यासाठी धातू बरे की कार्डं? वाशी-सानपाड्याकडे चांगला क्लास असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वाचक_ठाणे
क्लास कशाला? ज्यांना मातृभाषेतल्या अर्थच्छटा कळतात त्यांना परभाषेतल्याही कळतात, हे माझं ठाम मत आहे. आपल्या ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. मुलीला सभासद करा, धागाकर्तीनेही व्हावं. चांगलं मराठी गद्य वाचलं की शब्द तोलायची सवय लागते.

नौपाडेकर
ग्रंथसंग्रहालयाबद्दल आदर आहेच, पण त्यांची परीक्षा डोक्यावर दिसतेय. ट्रान्सहार्बर, आहात का? परीक्षा कुठली ते सांगा, इथे सगळे अंधारात भांडतायत.

ट्रान्सहार्बर
आहे. ऑफिसात होते. जीआरई आहे, परदेशात पुढच्या शिक्षणासाठी द्यावी लागते ती. मला वाटलं कळलं असेल. दिवाळीनंतरची तारीख घेतली आहे. गणिताची चिंता नाही, व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजीच्या भागात मार्क जातात. वहीचा फोटो चढत नाहीये म्हणून एका पानावरचं लिहिते:
लॅकॉनिक – मितभाषी
टॅसिटर्न – मितभाषी
रेटिसंट – मितभाषी
क्वालिफाइड – पात्र
सँक्शन – मंजुरी
काल एका वाक्यात समीक्षकाने नाटकाचं 'क्वालिफाइड' कौतुक केलं असं होतं. मी पात्र धरून पुढची रिकामी जागा भरली आणि सगळंच उलटं झालं. हे असं रोज होतं. क्लास आणि आरसा नको. पाठ केलेल्या शब्दांचं काय करू, तेवढं सांगा.

पेन्सिल
आता बोलता येईल.

आधी पेपर बघा. जीआरईमधून सुटे विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न २०११ मध्येच काढून टाकले. तेव्हापासून शब्द येतो तो वाक्यात. सप्टेंबर २०२३ पासून पेपर आणखी लहान झाला. व्हर्बलचे दोन भाग मिळून २७ प्रश्न आणि ४१ मिनिटं, त्यातले साधारण निम्मे उताऱ्यावरचे. उरलेल्यांत रिकाम्या जागा. एका प्रश्नात तीन जागा असतील आणि दोन बरोबर आल्या तरी मार्क शून्य. म्हणून 'साधारण माहीत असलेला' शब्द तिथे कामाला येत नाही.

तुमच्या वहीत अडचण दिसते ती अशी: तिथे शब्दाची व्याख्या नाही, एक मराठी शब्द आहे. 'मितभाषी' तिघांपुढे लिहिलंत, पण लॅकॉनिक म्हणजे मोजक्या शब्दांत नेमकं बोलणारा, आणि ते एखाद्या उत्तराला किंवा लेखनशैलीलाही लावतात. टॅसिटर्न हा स्वभाव, मुळात बोलतच नाही. रेटिसंट माणसाला सांगण्यासारखं असतं, पण तो मनातलं बाहेर काढत नाही. रिकाम्या जागेत 'स्वतःच्या भूतकाळाबद्दल' असं आलं की तिसराच बसतो, पहिले दोन नाही.

क्वालिफाइड तर या परीक्षेचा आवडता प्रकार. ओळखीचा शब्द, अनोळखी अर्थ. तिथे ते कौतुक हातचं राखून केलेलं आहे. सँक्शन मंजुरीही आणि निर्बंधही. टेंपर म्हणजे सौम्य करणे, चेक म्हणजे आवर घालणे, फ्लॅग म्हणजे जोर ओसरणे, वाँट म्हणजे उणीव. यादीतले अवघड दिसणारे शब्द तुम्ही पाठ करता आणि मार्क या सोप्या दिसणाऱ्यांत जातात. 'रोजचे शब्द येतात' असं वर म्हणालात, त्यांच्यासाठी वहीत वेगळं पान काढा.

लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश वापरा. लाँगमनची ऑनलाइन फुकट बघता येते. तिच्यातल्या व्याख्या सुमारे २,००० सोप्या शब्दांतच लिहिलेल्या असतात, त्यामुळे एक शब्द बघायला गेलं आणि चार नवे निघाले असं होत नाही. व्याख्या पूर्ण वाचा, खालची उदाहरणं वाचा, मग डिक्शनरी बंद करून स्वतःच्या शब्दांत लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल, पण पूर्ण वाक्य लिहा, एक शब्द नको. आणि बाजूला खूण: हा शब्द स्तुतीचा की निंदेचा. फ्रूगल काटकसरी, स्टिंजी चिक्कू. पैसे दोघेही वाचवतात, पण एकाचं कौतुक होतं आणि दुसऱ्याला नावं ठेवतात.

कार्डपेटी
पेन्सिल यांच्याशी सहमत. पण हे सगळं वहीतच राहिलं तर विसरणार. कार्ड उलटं करा. पुढे शब्द लिहायचाच नाही, पुढे गाळलेल्या जागेचं वाक्य आणि मागे शब्द व व्याख्या. परीक्षेत प्रश्न त्याच बाजूने येतो.

मूळधातू
वाक्याच्या कार्डाला माझा विरोध नाही. धातू मागच्या कोपऱ्यात लिहा एवढंच म्हणतो. टॅसिटर्न आणि रेटिसंट दोन्ही 'टॅसेरे', गप्प राहणे, यावरूनच आले आहेत.

कार्डपेटी
आणि तरी अर्थात फरक आहे, हेच मी म्हणत होतो.

ऐरोली_सेक्टर
मी ही परीक्षा देऊन बसलोय. एक गोष्ट राहिली. सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात तिथे समानार्थी जोडी दिसली की लगेच टिक करू नका. वाक्यात न बसणारी समानार्थी जोडीही मुद्दाम ठेवलेली असते. पर्याय बघायच्या आधी रिकाम्या जागेत आपला शब्द घाला, मराठीतला सुचला तरी घाला, मगच खाली बघा. आणि चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा कोरं काही सोडू नका.

वाचक_ठाणे
बघा, शेवटी मराठी शब्दच कामी आला.

सानपाडा_आई
मुलीचं कुणी सांगितलं नाही. वेगळा धागा काढू का?

नौपाडेकर
काढा, शाळेच्या मुलांचं गणित वेगळं आहे. मी येतो तिथे.

ट्रान्सहार्बर
आत्ता घरी येताना गाडीत रेटिसंटचं कार्ड केलं. पुढे: 'आजोबा फाळणीच्या दिवसांबद्दल ____ असत, विचारलं तरी विषय बदलत.' मागे: माहीत असून मनातलं उघड न करणारा, निंदा नाही, स्तुतीही नाही. चालेल का? आणि जुन्या वहीत जे शेकड्याने शब्द आहेत, ते सगळे असे परत लिहायचे? तेवढा वेळ नाही.

पेन्सिल
वाक्य इंग्रजीत करा, सोबतचं अबाउट महत्त्वाचं आहे, रेटिसंटबरोबर बहुतेक तेच येतं. बाकी कार्ड उत्तम. सगळे लिहू नका. सराव पेपरात जे चुकले तेच आधी, मग एकाच मराठी अर्थाखाली दोन-तीन इंग्रजी शब्द आलेत ती पानं. उरलेल्यांना हात लावू नका.

ट्रान्सहार्बर
'हट्टी' खाली पाच आहेत. उद्या तिथून सुरू करते, अडलं की इथेच विचारते.