कुर्ली सोडली, पण तिसऱ्या आणि जवळ्याचे काय?

शेवंती:
माझे बालपण मालवणात गेले आणि कुर्ल्यांचे, म्हणजे खेकड्यांचे, कालवण हा आमच्या घरी सणासारखा बेत असे. गेल्या पावसाळ्यात मात्र जिवंत कुर्लीचे डेंगे (नांग्या) मोडले जात असताना ती उरलेल्या पायांनी परातीबाहेर चढू पाहत होती, हे मी प्रथमच नीट पाहिले आणि तेव्हापासून मला कुर्ली खाववत नाही. कणा नसलेल्या जिवांच्या वेदनेचा विचार करून ज्यांनी आहार बदलला, त्यांनी मर्यादा कोठे आखली? तिसऱ्या (शिंपल्यातले जीव), कोळंबी, माकूळ (स्क्विड) आणि मध यांना एकच न्याय लावावा का?

समुद्रफेन:
बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील रॉबर्ट एलवूड यांच्या प्रयोगांत विजेचा सौम्य धक्का बसलेले शंखवासी खेकडे शंख सोडून बाहेर पडत; पण शंख त्यांच्या आवडीच्या प्रकारचा असेल, तर तोच धक्का सोसून आत राहण्याकडे त्यांचा कल दिसे. निव्वळ प्रतिक्षिप्त क्रियेत असे तोलणे-मापणे नसते, आणि मला हा पुरावा फार वजनदार वाटतो. ब्रिटनने 2022 च्या प्राणिकल्याण कायद्यात खेकडे, कोळंबी, माकूळ आणि अष्टपाद यांना संवेदनशील प्राण्यांत धरले. तिसऱ्यांना मात्र मेंदू नसतो, मज्जातंतूंच्या काही गाठीच असतात. म्हणून तिसऱ्या आणि कालवे मी खातो, बाकीचे सोडले आहे.

खाडीकाठ:
माझ्या मते जिवांची संख्याही मोजायला हवी. एक मोठी सुरमई अनेक माणसांना पुरते. वाटीभर सुक्या जवळ्यात मात्र शेकडो जीव असतात, आणि जवळा हा कोळंबीच्याच दशपाद गणातला आहे. म्हणून मी कुर्लीच्याही आधी जवळा सोडला. ज्यांना कुर्ली सोडणे जमत नाही, त्यांनी निदान ती बर्फात पूर्ण निपचित होईपर्यंत ठेवावी, मग पोटाकडून मध्यावर सुरी घालून झटकन मारावी आणि त्यानंतरच डेंगे काढावेत. आपल्या 1960 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव, आणि अन्नासाठी मारण्याला दिलेली सूटही अनावश्यक वेदना दिल्यास लागू होत नाही. बाजारात कुर्ली घेताना हे कोणाच्याच मनात येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

अपरिग्रह:
मी जैन घरातील आहे. आमच्याकडे शिंपल्यातील जीव द्वींद्रिय (दोन इंद्रियांचा) आणि मधमाशी चतुरिंद्रिय (चार इंद्रियांची) मानली जाते, म्हणून शिंपल्या आणि मध दोन्ही वर्ज्य आहेत. मेंदू नाही म्हणून वेदना नाही, असे खात्रीने सांगता येत नसेल, तर ‘समुद्रफेन’ यांनी तिसऱ्यांबाबत आपला निर्णय पुन्हा तपासावा, अशी माझी विनंती आहे.

शेवंती:
सर्वांचे आभार. जवळ्याचा विचार माझ्या मनाला शिवलाच नव्हता, आणि आमच्याकडे तर भाजी नसली की जवळ्याची चटणी ठरलेलीच असते. यापुढे तो आणणार नाही. कोळंबी आणि माकूळही थांबवीन. तिसऱ्यांविषयी माझे मन अजून ठरत नाही.